पाणी लिटरात मोजता, मीठ टनात मोजा

क्वीन्सलँडच्या वायूक्षेत्रात काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

सरकारला आणि कंपन्यांच्या संचालकांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना उत्तरं कशी येतात तेही आपल्याला ठाऊक आहे. हे पत्र तुम्हाला आहे. ब्रिस्बेनच्या कार्यालयात बसून चिंचिला, माइल्स, रोमाकडच्या वायुविहिरींचं, पाइपांचं, तळ्यांचं डिझाइन करणाऱ्यांना. पाळीने साइटवर जाऊन उन्हात पंप दुरुस्त करणाऱ्यांना. पर्यावरण परवान्याचे वार्षिक अहवाल लिहिणाऱ्यांना. या कामात मराठी माणसं कमी नाहीत. मीही त्याच बाजारातला, टूवूम्बात राहणारा, पाण्याच्या प्रक्रियेचा रसायनतज्ज्ञ.

निमित्त एका स्लाइडचं आहे. भारतातल्या सीबीएम (कोळशाच्या थरातला मिथेन वायू) प्रकल्पांच्या मंडळींसमोर आपल्यातल्याच एकाने सादरीकरण केलं, त्याची फाइल फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. काम नेटकं आहे, आकड्यांतही खोट नाही. पाण्याच्या स्लाइडवर एक मोठा गोल आहे आणि तो जवळजवळ सगळा हिरवा: ‘उपसलेल्या पाण्याचा फायदेशीर वापर’. उरलेली एक करडी फट, तिच्यावर बारीक अक्षरात ‘ब्राइन’, म्हणजे पाणी गोडं केल्यावर मागे उरणारं दाट खारं पाणी. स्लाइडचा मथळा: ‘पाण्याचा प्रश्न सुटला’. माझं भांडण आहे ते त्या करड्या फटीवरून.

या धंद्याशी संबंध नसलेलेही हे वाचतील, म्हणून थोडं मुळापासून सांगतो. तुम्ही हा परिच्छेद ओलांडलात तरी चालेल. कोळशाच्या थरात मिथेन कोळशाला चिकटून बसलेला असतो आणि त्याला तिथे दाबून धरतं ते थरातलं पाणी. पाणी उपसलं की दाब उतरतो, वायू सुटतो. म्हणून या धंद्यात आधी पाणी येतं आणि वायू मागून. नवी विहीर सुरुवातीला भरभरून पाणी देते, वायू जेमतेम. पुढे पाणी कमी होत जातं आणि वायू वाढतो. क्वीन्सलँडच्या सुरत खोऱ्यात (गुजरातेतलं नव्हे, बालोन नदीकाठचं हे लहानसं गाव, नाव मात्र आपल्याकडच्या सुरतेवरून पडलेलं) वॉलून नावाच्या कोळसाथरांत अशा हजारो विहिरी आहेत. 2010-11 मध्ये तीन बड्या प्रकल्पांनी पैसा ओतायचं ठरवलं, आणि 2014 च्या अखेरीस ग्लॅडस्टनजवळच्या कर्टिस बेटावर पहिला द्रवरूप वायू जहाजात भरला गेला. या सगळ्यापायी जमिनीतून वर्षाला साधारण 50 ते 60 अब्ज लिटर पाणी वर येतं.

हे पाणी समुद्राइतकं खारट नसतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार असतात. इथे कुठे 1 ग्रॅम, कुठे 10, बहुतेक ठिकाणी मधलं काहीतरी. पण क्षार आहेत ते सोडियमचे: साधं मीठ आणि खाण्याचा सोडा. कॅल्शियम, मॅग्नेशियम नावापुरतं. फ्लोराइड आणि बोरॉन कुठे कमी, कुठे जास्त.

मी दर्यापूरकडचा, म्हणजे खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या त्या सगळ्या पट्ट्यात, अमरावती, अकोला, बुलढाणा, तीन जिल्ह्यांत, विहिरीला पाणी लागलं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. पाणी असतं, पिकाला देता येत नाही. दिलं तर जमीन चोपण होते: पावसात पाय निघू नये असा चिखल, आणि उन्हात वखर चालणार नाही अशी टणक. इथल्या डार्लिंग डाउन्सची जमीन पहिल्यांदा पाहणारा वऱ्हाडी माणूस चकितच होतो. तीच काळी माती, उन्हाळ्यात तशाच भेगा, आणि डॉल्बी गावाच्या आसपास (गणपतीत दणाणतो तो नव्हे) चक्क कापूस. म्हणजे तिला धोकाही तोच.

सोडियम काय करतो ते एका ग्लासात दिसतं. असलं पाणी पाजलेल्या वाफ्यातलं वाळलेलं ढेकूळ घ्यायचं, बोराएवढं, आणि काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचं. हलवायचं नाही. धड जमिनीचं ढेकूळ फुटतं, त्याचे कण तळाशी बसतात, वरचं पाणी नितळ राहतं. सोडियम मुरलेल्या ढेकळाभोवती मात्र थोड्याच वेळात दुधाळ वलय दिसू लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा ग्लास गढूळ झालेला असतो. चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून सुटे होतात. शेतात तेच कण छिद्रं बुजवतात आणि मग पाऊस जमिनीत न मुरता वाहून जातो. फसवी गोष्ट अशी की खारं पाणी चालू असतं तोवर जमीन बरी दिसते. खरा बिघाड गोड्या पावसानंतर कळतो. अमेरिकेत वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यात असं पाणी बऱ्याच ठिकाणी नाल्या-नद्यांत सोडलं गेलं. खालच्या बाजूला माँटानात टंग नदीवर शेती भिजवणारे लोक हवालदिल झाले, तेव्हा त्या राज्याने 2003 मध्ये नदीच्या पाण्याला क्षारता आणि सोडियमचं प्रमाण, म्हणजे आपला एसएआर, या दोन्हींच्या मर्यादा घातल्या.

क्वीन्सलँडने ही वाट धरली नाही, याची दाद मी मोकळ्या मनाने देतो. सुरुवातीला इथेही बाष्पीभवनाची तळी होती: पाणी पसरून ठेवा, ऊन त्याचं काय करायचं ते करील. 2010 मध्ये सरकारने त्या पद्धतीला आळा घातला आणि 2012 च्या धोरणात प्राधान्यक्रम लिहून दिला: पाणी आधी वापरात आणा, ते जमत नसेल तरच विल्हेवाट. मग आरओचे मोठे प्रकल्प उभे राहिले. चिंचिलाजवळच्या केन्या प्रकल्पातलं शुद्ध पाणी सुमारे 20 किलोमीटरच्या पाइपातून चिंचिला बंधाऱ्यात जातं. वोलीबी क्रीकचं पाणी 120 किलोमीटरवर डॉसन नदीवरच्या ग्लीब बंधाऱ्यात पोचतं. रीडी क्रीककडे ते खोल प्रेसिपिस वालुकाश्मात परत भरलं जातं. आरओतून निघालेलं पाणी इतकं स्वच्छ असतं की तसंच शेतात सोडणंही बरं नाही, म्हणून त्यात कॅल्शियम घालून मगच ते देतात. बंधाऱ्याखालच्या शेतकऱ्याला भरवशाचं पाणी मिळालं. हे काम आपल्या लोकांनीही केलं आहे आणि ते चांगलं केलं आहे.

पण आरओ मीठ नाहीसं करत नाही. दूध आटवलं की पाणी जातं आणि खवा उरतो, तसं. शंभर लिटर पाणी आत गेलं, पंच्याऐंशी लिटर गोडं होऊन बाहेर पडलं, तर उरलेल्या पंधरा लिटरात जवळजवळ सगळा क्षार असतो. ते पंधरा लिटर पुन्हा आटवलं की पाच, मग दोन. म्हणजे तुम्ही जितकं उत्तम काम कराल तितकी गोलातली करडी फट बारीक होत जाते, आणि मीठ मात्र एक किलोनेही घटत नाही. ‘पंच्याण्णव टक्के पाणी वापरात आणलं’ हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करतं ते यामुळे.

कागदावर गणित करून पाहू. लिटरमागे 4 ग्रॅम क्षार धरले तर दहा लाख लिटर पाण्यामागे 4 टन मीठ होतं. वर्षाचं 50 अब्ज लिटर पाणी धरलं तर 2 लाख टन. 25 टनी ट्रकच्या 8,000 खेपा, दर वर्षी. 4 ग्रॅम हा धरून चाललेला आकडा आहे. कुणी 3 धरील, कुणी 5. जसजशा विहिरी जुन्या होतील तसतसं पाणीही घटेल. तरीही उद्योगाच्या साऱ्या आयुष्यात हिशेब दशलक्ष टनांतच जातो, आणि एवढं मीठ समुद्रकिनाऱ्यापासून तीनएकशे किलोमीटर आत, डोंगररांगेच्या पलीकडे, शेतजमिनीच्या मधोमध साठतं आहे.

ज्यांनी ब्राइनचं तळं फक्त नकाशात पाहिलं आहे त्यांच्यासाठी: काळ्या जाड प्लास्टिकचं अस्तर, दोन थरांचं, मध्ये गळती पकडायला जाळी. कोपऱ्यात एक उभा पाइप, त्यात लहानसा पंप. वरच्या थरातून काही झिरपलं तर ते तिथे जमतं आणि मोजलं जातं. पाण्याच्या कडेने प्लास्टिकवर पांढरं पोपडं धरलेलं असतं, बोटाने खरवडलं तर सुटतं. वाऱ्याच्या दिवशी लाटा त्या पोपड्यावर आपटतात आणि उतारावर आणखी एक पांढरी रेघ उमटते. अस्तराच्या जोडावर जोड असतात आणि प्रत्येक जोड कुणीतरी गुडघे टेकून तापवून चिकटवलेला असतो. यंत्रणा चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती तळी आहेत, मुक्कामाची जागा नव्हे. परवान्यातही ती साठवणच आहे. साठवून पुढे काय?

धोरण म्हणतं, आधी मिठापासून विकण्याजोगं काही बनवा. नाही जमलं तर कडक नियमांखाली विल्हेवाट लावा. बनवायला हरकत काहीच नाही: धुण्याचा सोडा होतो, मीठ होतं. पण ब्राइनमध्ये दोन्ही मिसळलेले, ते वेगळे करायला ऊर्जा लागते, आणि मग मालाला बाजार कुठला? पश्चिम ऑस्ट्रेलियात डॅम्पियरच्या मिठागरांत ऊन फुकट मीठ बनवतं आणि बंदर दाराशी आहे. त्या भावाशी चिंचिलाच्या मिठाने टक्कर द्यायची तर वाहतुकीतच दिवाळं निघेल. समुद्रात सोडायचं तर शेकडो किलोमीटरचा पाइप, आणि ग्लॅडस्टनच्या पुढे समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ. खोल जमिनीत दाबायचं तर आधीच त्याहून खारट असलेला आणि कशाशी संबंध नसलेला थर सापडायला हवा. मग उरतं काय, तर पक्क्या अस्तराचा खड्डा करून त्यात पुरणं. गाडी हळूहळू तिकडेच वळते आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुरायला माझा सरसकट विरोध नाही. वाईट पर्यायांतला तो कमी वाईट असू शकतो. पण कचऱ्याच्या खड्ड्यात निदान काही कुजतं, काही विरतं. मीठ शंभर वर्षांनीही मीठच. अस्तराला आयुष्य असतं, कंपनीलाही असतं, वायूक्षेत्राचं तर वीस-तीस वर्षांचं. आणि जागा कुठली? कॉन्डमाइन नदीचं खोरं, म्हणजे मरे-डार्लिंग या सगळ्या नदीव्यवस्थेचा माथा. 2010-11 च्या पुरात कॉन्डमाइन गाव दोनदा रिकामं करावं लागलं होतं. पूर येणारच नाही अशा उंचवट्यावर खड्डा करू असं कागदावर लिहिता येतं, पण त्या खड्ड्यावरची माती पुढची पन्नास वर्षं कोण राखणार, याचं उत्तर पैशात लिहावं लागतं. 2018 च्या कायद्याने पुनर्वसनाच्या अंदाजित खर्चासाठी तरतूद करायला लावली, ही चांगली गोष्ट. त्या अंदाजात मिठाचे किती टन आणि किती वर्षांची राखण धरली आहे, ते आकडे भरणारे तुम्ही आहात.

भूजलाच्या बाबतीत या राज्याने काय केलं ते पाहा. परिणाम मोजायला वेगळं कार्यालय नेमलं, ओजीआयए. ते ठरावीक काळाने सगळ्या कंपन्यांचा मिळून अहवाल काढतं आणि कुठल्या शेतकऱ्याच्या बोअरची पातळी किती उतरेल ते सांगतं. 2012 मध्ये दीर्घ काळात बाधित होणाऱ्या बोअरचा अंदाज 528 होता, 2021 च्या अहवालात 702. बोअरची पातळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे जात असेल तर कंपनीला शेतकऱ्याशी भरपाईचा करार करावाच लागतो. आकड्यावर वाद होतात, पण वाद घालायला आकडा तरी आहे. मिठाचा असा, सगळ्या कंपन्यांचा मिळून, तळंनिहाय, कुणालाही वाचता येईल असा ताळेबंद मी अजून पाहिलेला नाही. वार्षिक अहवालांत पाणी दशलक्ष लिटरात असतं, ब्राइनही दशलक्ष लिटरातच. ब्राइनचं लिटर सांगून काय कळतं? दहा टक्के क्षाराचं ब्राइन आणि पंचवीस टक्क्यांचं ब्राइन एकाच रकान्यात बसतं, आणि आटवलेलं तळं ‘साठा कमी झाला’ म्हणून दिसतं. आमच्याकडचा सातवी पास खातेदारसुद्धा उसाचं बिल टनावर मागतो, रसाच्या लिटरवर नाही.

तुमची अडचण मला कळते. घराचा हप्ता आहे, मुलांच्या शाळा आहेत, कुणाचा व्हिसाच कंपनीच्या नावावर आहे. खाल्ल्या मिठाला जागायचं हे तर आपण घरातूनच शिकून आलेलो. मी कुणाला फलक घेऊन रस्त्यावर उतरायला सांगत नाही, कंपनीची कागदं बाहेर काढायला तर मुळीच नाही. मागतो आहे ते तुमच्या रोजच्या कामात बसणारं आहे. पाण्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: क्षारभार, टनात. आत किती आला, गोड्या पाण्याबरोबर किती गेला, तळ्यात किती राहिला. शेवटच्या दोन्हींची बेरीज पहिल्याशी जुळली पाहिजे, आणि जुळत नसेल तर गळती किंवा मोजमाप, कुठेतरी घोळ आहे हे तुम्हालाच आधी कळेल. हे तुमच्या फायद्याचंच आहे. डिझाइनच्या बैठकीत तळ्याची क्षमता विचारली गेली की ‘हे भरल्यावर मीठ कुठे जाणार’ हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. उत्तर ‘पुढे ठरवू’ असेल तर तेही तसंच नोंदवा. आणि सादरीकरणात पाण्याचा हिरवा गोल दाखवायचाच असेल तर शेजारी दुसरा गोल काढा, मिठाच्या वजनाचा. त्यात करड्या रंगाची फट नसेल, जवळजवळ सगळा गोल करडा असेल. ज्यांना दाखवाल त्यांना पुढचे प्रश्न आपोआप सुचतील.

परवाना देणाऱ्या खात्यात आपले जे दोन-चार जण आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. अट लिहिताना ‘साठवणुकीची क्षमता’ एवढ्यावर न थांबता ‘अंतिम ठिकाण आणि मुदत’ लिहिता येतं. तारीख नसलेली अट कुणीही पाळतो.

आता भारताकडे वळतो, कारण ती स्लाइड तिकडेच चालली आहे. राणीगंजला 2007 पासून कोळसाथरातला वायू व्यापारी पातळीवर निघतो आहे. मध्य प्रदेशात शहडोलकडच्या सोहागपूर क्षेत्रातून 2017 पासून. झरिया, बोकारो आहेतच. 2021 च्या विशेष सीबीएम फेरीत महाराष्ट्रातलंही क्षेत्र होतं. तिकडे निघणारं पाणी इथल्यासारखंच असेल असं नाही. प्रत्येक कोळसाथराचं पाणी वेगळं, कुठे ते बरंच गोडंही निघतं, आणि म्हणून इथली कृती तिथे उचलून ठेवायची नसते. तिथे आधी नमुने घ्यायचे, वर्षभर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. पण पद्धत विकताना ती अर्धी विकू नका. आरओचा प्रकल्प विकला आणि ब्राइनचं पान कोरं ठेवलं, तर तिथे ते पान ओढा भरील. सोहागपूरच्या गावात ना ओजीआयए आहे, ना शेतकऱ्याच्या हातात भरपाईचा करार. आणि वाळत घातलेलं मीठ पहिल्या आषाढात कुठे जातं हे तुम्हाला सांगायला नको. इथे वर्षाकाठी साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो; शहडोलला त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या तळ्याचं जे गणित चिंचिलाला कसंबसं जुळतं ते तिथे जुळणारच नाही.

म्हणून सल्लागार म्हणून जाणाऱ्यांना एवढंच: पहिल्या विहिरीचं खोदकाम सुरू होण्याआधी क्षारभाराचा अंदाज आणि त्याचं अंतिम ठिकाण लिहून मागा. नंतर मागून मिळत नाही; वायू सुरू झाला की पाणी थांबवता येत नाही आणि कुणी थांबवायलाही तयार नसतं. इथे तरी काय झालं? जहाजं निघाली 2014 ला, आणि मिठाचं शेवटचं ठिकाण ठरवायचं काम अजून चालूच आहे.

क्षारभाराचा एक साधा तक्ता मी करून ठेवला आहे. तळ्याचं नाव, घनफळ, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण), त्यावरून निघणारे टन, अस्तर घातल्याचं वर्ष, आणि शेवटी ‘पुढे कुठे’ असा रकाना. त्यात कुठल्याही कंपनीचा आकडा नाही, फक्त सूत्रं आहेत. ज्याला हवा त्याने मागावा, मराठीतही आहे. घनतेची दुरुस्ती मी वीस अंश तापमानाला धरली आहे. जास्त आटलेल्या ब्राइनसाठी ती पुरेशी आहे का, हे तुमच्यातल्या कुणी तपासून दिलं तर बरं होईल.

कळावे, लोभ असावा.

तुमचाच,
टूवूम्बातला एक वऱ्हाडी पाणीवाला